मारेगाव बंदर

मारेगावात बंदर नाही. ही गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरीही गेल्या सोळा वर्षांत गावातल्या प्रत्येक सज्जनाने ती मला एकदा तरी बाजूला घेऊन, डॉक्टरने पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तशा हळू आवाजात सांगितली आहे. वणीहून करंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे आमचं तालुक्याचं गाव. चहूकडे काळी जमीन. तीत कापूस, तूर, सोयाबीन. पूर्वेला वर्धा नदी आणि तिच्यापलीकडे चंद्रपूर जिल्हा. कोणत्याही दिशेला तोंड करून चालत सुटलात तरी पहिले चारशे किलोमीटर समुद्र लागायचा नाही. मी नकाशावर पट्टी ठेवून खात्री करून घेतलेली आहे. अशा या गावात, माझ्या अंगणात, कडुनिंबाखाली, १४ फूट लांबीची एक शिडाची होडी दोन लाकडी घोड्यांवर उभी आहे.

ती आली त्या दिवशी अर्धं गाव जमलं होतं. एका आजोबांनी तिच्याभोवती पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "सर, हे काय व्हय?"

"होडी."

"हं. कायले?"

आयुष्यात मोठमोठे प्रश्न ऐकले. विद्यार्थ्यांचे ऐकले, शिक्षणाधिकाऱ्यांचे ऐकले, सौ.चे तर रोजच ऐकतो. पण या 'कायले'इतका सखोल प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. सगळं तत्त्वज्ञान या एका शब्दात आहे आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी त्या दिवशी नव्हतं. कुणी म्हणालं, सरांना पूर येणार असल्याचं स्वप्न पडलंय. कुणी मनूच्या होडीची आठवण काढली आणि सप्तर्षींची सोय कुठे केलीय म्हणून चौकशी केली. (२०२२च्या जुलैत वर्धेला मोठा पूर आला, तेव्हा याच मंडळींपैकी दोघांनी रात्री फोन करून "होडी तयार हाय ना, सर?" असं सहज विचारून घेतलं. पण ते असो.)

पुढे मला एक उत्तर सापडलं. मी म्हणायचो, "अजिंठ्याला तरी कुठे समुद्र आहे? पण तिथल्या भिंतीवर कुणीतरी तीन शिडांचं जहाज काढून ठेवलंच ना? आणि त्याच चित्रावरून आपल्या नौदलाने दोरीने शिवलेलं, एकही खिळा न मारलेलं 'कौंडिण्य' नावाचं जहाज बांधून घेतलं आणि मे २०२५मध्ये कारवारला ताफ्यात घेतलं. डोंगरात काढलेलं जहाज दीड हजार वर्षांनी पाण्यात उतरलं! माझ्या होडीला तर अजून सोळाच वर्षं झालीत." यावर श्रोते गप्प बसत. पटल्यामुळे नव्हे, विदर्भातला माणूस वेड्याशी वाद घालत नाही, त्याला चहा पाजतो.

आता ही होडी माझ्याकडे आली कशी? मी मूळचा मारेगावचा, पण नोकरी केली ती दापोली तालुक्यात, हर्णैजवळच्या एका शाळेत. खिडकीतून सुवर्णदुर्ग दिसायचा. भूगोलाच्या तासाला मी 'द्वीपकल्प' शिकवत असलो की मुलं खिडकीबाहेरचं द्वीप पाहत आणि मी मुलांकडे पाहत असे. शाळेचा शिपाई पूर्वी मच्छीमार होता. सगळे त्याला तांडेल म्हणत. घंटा वाजवण्याच्या बाबतीत तो भरती-ओहोटी पाळायचा, घड्याळ नव्हे. त्याची ही होडी. तिच्यातून तो सकाळी वाऱ्यावर जायचा आणि शाळा भरायच्या आत परत यायचा. निदान तसं ठरलेलं असायचं.

पावसाळ्यापूर्वी कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि माडाच्या झापांखाली झाकून ठेवतात. नारळी पौर्णिमेला पुन्हा समुद्र. मधल्या काळात डागडुजी. पहिल्या वर्षी मी नुसता बघत बसलो. दुसऱ्या वर्षी त्याने माझ्या हातात मोगरी दिली आणि म्हणाला, "गुर्जी, बसल्या बसल्या ठोका जरा." ते जे ठोकायला बसलो तो वीस वर्षं ठोकत होतो.

होडी दुरुस्त करणं हे काम ऐकायला सोपं आहे. फळी आणि फळी यांच्यामध्ये फट असते. त्या फटीत कापसाची वात बोथट छिन्नीने आणि मोगरीने ठोकून बसवायची, वरून तेलात कढवलेली राळ ओतायची. होडी पाण्यात गेली की लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि फळ्या एकमेकींना आपोआप घट्ट धरतात. म्हणजे ज्या पाण्याला बाहेर ठेवायचं, तेच पाणी फटी मिटवतं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यात वेदान्त दिसला. तांडेलला त्यात कापूस दिसत होता. मी उत्साहाच्या भरात वात ठासून ठासून भरली. त्याने ती सगळी आकड्याने उपसून काढली. "गुर्जी, एवढं भरू नका. उद्या लाकूड फुगंल, त्याला जागा नको? जागा नाय ठेवली तर फळीच फुटंल." आम्ही शिक्षक मुलांची डोकी अशीच ठासून भरत असतो, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला. पण निवृत्तीला बरीच वर्षं होती, म्हणून तो मी कुणाजवळ बोललो नाही.

दुसरा धडा बोटांच्या सांध्यांचा. दरवर्षी तो होडीभोवती फिरून प्रत्येक फळीवर टकटक करायचा. चांगलं लाकूड ठणठणीत वाजतं, सडलेलं बद्द वाजतं. बद्द वाजली की ती फळी काढायची. "रंग मारून झाकता येतं की," मी एकदा म्हणालो. "येतं ना," तो म्हणाला, "माणसांपासून झाकता येतं." आणि काढलेल्या फळीचं तो काय करायचा, ते पुढे सांगतो.

२००९च्या मे महिन्यात मी निवृत्त झालो. तांडेलही थकला होता. मुलगा मुंबईत नोकरीला. निरोपसमारंभात शाल, नारळ आणि गजर न वाजणारं घड्याळ घेऊन मी बाहेर आलो तर तो फाटकापाशी उभा. म्हणाला, "होडी तुम्ही न्या. इथं ऱ्हायली तर कुणीतरी चुलीत घालंल. कधी पोराला आठवण झाली तर त्याला द्या परत." मी भावनेच्या भरात हो म्हटलं. भावनेच्या भरात माणूस लग्नाला हो म्हणतो, जामीन राहायला हो म्हणतो. मी होडीला म्हटलं. नागपूरला आंब्याच्या पेट्या नेणाऱ्या एका ट्रकवर ती चढली आणि आठवड्याभराने, दुसऱ्या एका ट्रकमधून, मारेगाव बंदरात दाखल झाली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला मुंबईहून निघाले आणि मे २०१०मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून जगाला फेरी मारणारे ते पहिले भारतीय. तेवढ्या काळात माझी होडी कडुनिंबाखालून तुळशीवृंदावनापर्यंत सरकली, कारण सौ.ला वाळवणाला ऊन हवं होतं.

दोन वर्षांनी तांडेल गेल्याचं कळलं. मला जाता आलं नाही. त्या दिवशी मी होडीवर टकटक करून आलो. तीन फळ्या बद्द वाजल्या.

मारेगावचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की माणसं आंबटशौकीनपणे कैरीचं पन्हं शोधतात, पण लाकडाला कोण पन्हं देणार? होडी वाळली, फळ्या आक्रसल्या आणि फटींतून पलीकडचं अंगण दिसू लागलं. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो. इथे वाळवी, जिला आम्ही उधई म्हणतो. एका शत्रूच्या तावडीतून सोडवून मी तिला दुसऱ्याच्या दारात आणून बांधली होती. दुरुस्ती करणं भाग होतं.

आणि इथे मला एक शोध लागला. होडीला काय काय लागतं? कापूस. तो मारेगावात रस्त्याच्या कडेच्या झुडपांनाही लटकलेला असतो. शीड कशाचं? जाड सुती कापडाचं, म्हणजे पुन्हा कापूस. लाकूड? साग, आणि सागासाठी तर यवतमाळ-चंद्रपूरकडे लोक लांबून येतात. तेल? कोकणात माशाचं तेल चोपडतात, पण लाकडाला जवसाचं तेल उत्तम, आणि जवसाची चटणी खाऊन तर मी लहानाचा मोठा झालो. समुद्र सोडला तर होडीला लागणारं सगळं इथे होतं. मग मला गावाच्या 'कायले'चं अर्धं उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. होडीचं माहेर कोकण असेल, पण आजोळ वऱ्हाड आहे.

जवसाच्या तेलाबद्दल मात्र एक इशारा द्यायला हवा. त्यात भिजलेली फडकी बोळा करून ठेवू नयेत. ते तेल हवेत सुकताना तापतं, आणि बोळ्यात ती उष्णता कोंडते. मे महिन्यातल्या एका दुपारी माझ्या बोळ्याने कुणी काडी न लावता धूर सोडला. सौ.ने हंडाभर पाणी ओतलं. बोळ्यावर थोडं आणि माझ्यावर उरलेलं. "अहो, पाण्यात बुडून मरायची सोय नाही म्हणून आता जळून मरायचं ठरवलंय का?" असं तिने विचारलं. तेव्हापासून फडकी दोरीवर एकेक करून वाळत टाकतो. तिच्या साड्यांपासून दूर.

वणीच्या वखारीतून सागाची एकेक फळी यायची. जुनी फळी फणसाची, नवी सागाची. पहिल्या वर्षी तीन, पुढच्या वर्षी एक, मग दोन. वर्षातून एकदा, कार्तिकात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून होडी वर्धेच्या डोहात न्यायची. शीड उभारलं की ते वाऱ्याअभावी वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबायचं. डोंग्यातून जाळं टाकणारे भोईबांधव आपली डोंगी जवळ आणत आणि अतिशय सभ्यपणे विचारत, "सर, ढकलू काय?" पण होडीत पाणी यायचं नाही. मला तेवढं पुरायचं.

अशी वर्षं गेली. नंतर तळाचा कणाही बदलला. आणि एका रात्री, झोप येत नसताना, मी हिशेब केला. दोन्ही बाजूंच्या मिळून १४ फळ्या. त्यांतल्या १३ मी बदलल्या होत्या. कणा बदलला होता, डोलकाठी बदलली होती, शीड बदललं होतं. मग ही होडी तांडेलची राहिली होती का?

हा प्रश्न माझा नाही, ग्रीकांचा आहे. प्लुटार्क लिहितो, की थीसियस ज्या तीस वल्ह्यांच्या जहाजातून परतला ते अथेन्सच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं. कुजलेली फळी काढायची, तिच्या जागी नवी बसवायची. होता होता तत्त्वज्ञांना वादाला विषय मिळाला. अर्धे म्हणत जहाज तेच, अर्धे म्हणत ते नव्हे. आपल्याकडे मिलिंद राजाला भिक्खू नागसेनाने रथाबद्दल हेच विचारलं. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी रथ हे निव्वळ नाव आहे असं ठरलं. राजा ज्या रथातून आला होता त्यातूनच परत गेला असावा. तत्त्वज्ञानाचा फायदा हा, की त्याने वाहतूक बंद पडत नाही.

सगळ्यांत मला आवडतो तो जोशुआ स्लोकम. हा जुना दर्यावर्दी कप्तान. १८९२ साली एका परिचिताने त्याला 'एक जहाज देतो, थोडी दुरुस्ती करावी लागेल' असं सांगितलं. स्लोकम अमेरिकेतल्या फेअरहेवनला जाऊन बघतो तो काय, 'स्प्रे' नावाचं जुनं गलबत पाण्यापासून दूर एका शेतात टेकू लावून ठेवलेलं! (हे वाचलं तेव्हा मी सौ.ला उठवून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याची बायको काय म्हणाली ते लिहिलंय का?") त्याने तेरा महिने खपून, आसपासचे ओक तोडून, ५५३ डॉलर ६२ सेंट खर्चून ते जवळजवळ सगळं नवं केलं. २४ एप्रिल १८९५ला बॉस्टनहून एकटा निघाला आणि २७ जून १८९८ला जगाला प्रदक्षिणा घालून परतला. असं करणारा तो पहिला माणूस. आणि तो लिहितो की जुनं जहाज दुरुस्त करता करता अख्खं नवं झालं तरी त्याचं नाव तेच राहतं, असा लॉइड्सचा नियमच आहे. 'स्प्रे' इतक्या हळूहळू बदललं, की जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं हे त्यालाही सांगता आलं नाही.

मी हा सगळा ग्रंथभार आमच्या सुतारासमोर ठेवला. तो रंधा मारत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सर, आमच्या घरी आज्याचा वखर हाय. खोड बापानं बदललं. पास म्या बदलली. रुमनं तं दोनदा मोडलं. पन वखर आज्याचाच हाय."

"आणि वाटणी झाली तेव्हा कुणाकडे गेला?"

"ज्याच्या हातात व्हता त्याच्याकडे."

प्लुटार्क, नागसेन आणि लॉइड्स यांना जे जमलं नाही ते आमच्या सुताराने दोन वाक्यांत उरकलं. मला फार बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं. कारण त्याच्या आदल्याच दिवशी मला हर्णैहून फोन आला होता.

तांडेलचा मुलगा. मुंबईची नोकरी सोडून गावी परतलेला. पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्यात म्हणाला. "सर, बाबांची होडी तुमच्याकडे आहे ना अजून? घरासमोर ठेवीन म्हणतो. लोकांना जुनं, ओरिजिनल बघायला आवडतं."

'ओरिजिनल' हा शब्द माझ्या छातीत खिळ्यासारखा बसला. फोन ठेवला आणि मी मनातल्या मनात वकीलपत्र घेतलं. होडी मी नेली तेव्हा ती मरणपंथाला लागली होती. तिला जगवली मी. सागाचे पैसे माझे, कापूस माझा, पाठदुखी माझी. नावापुरती ती तांडेलची. नागसेनाच्या मते नाव हे केवळ नाव! आणि सुताराच्या मते ज्याच्या हातात त्याची. मी एकेक युक्तिवाद तपासून पाहिला. सगळे निर्दोष होते आणि सगळ्यांचा शेवट होडी माझ्या अंगणात राहण्यात होत होता. इतकी वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्यामुळे मला एक कळतं: सगळ्या वाटांनी एकच सोयीचं उत्तर येत असेल, तर कुठेतरी कॉपी झालेली असते.

त्यातून आणखी एक भानगड होती. काढलेल्या १३ फळ्या मी फेकल्या नव्हत्या. गाय विकल्यापासून रिकाम्या पडलेल्या गोठ्यात त्या खडूने नंबर घालून, उतरंडीसारख्या रचून ठेवल्या होत्या. सौ.ने त्यांच्याबद्दल वेळोवेळी चौकशी केली होती. तिचं धोरण स्वच्छ आहे. गीतेतला जुन्या वस्त्रांचा दृष्टान्त ती बोहारणीपर्यंत नेते: जीर्ण ते द्यावं आणि स्टीलचं पातेलं घ्यावं. पण फळ्या घेणारी बोहारीण मारेगावला येत नाही. थॉमस हॉब्ज नावाच्या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १६५५ साली नेमकी हीच अडचण काढलेली आहे. समजा, थीसियसच्या जहाजाच्या काढलेल्या फळ्या कुणीतरी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर खरं जहाज कोणतं? हॉब्जने हे कल्पनेने लिहिलं. माझ्या गोठ्यात ते नंबरवार रचलेलं होतं.

म्हणजे मला एक सुंदर पळवाट मिळाली. त्याला ओरिजिनल हवंय ना? तर ओरिजिनल गोठ्यात आहे. जुनाट, करपलेलं, पर्यटकांना आवडेल असं. तरंगणारी होडी मला, ओरिजिनल त्याला. मी दोन दिवस या योजनेवर खूश होतो. तिसऱ्या दिवशी मी ती सौ.ला सांगितली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे तुम्ही शब्द पाळणार, फक्त त्यातली होडी काढून घेऊन."

मी मुलाला फोन केला आणि म्हटलं, "ये. काय ते बघ आणि घेऊन जा."

तो मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वणीला उतरून एस.टी.ने आला. चाळिशीचा, उन्हाने हैराण झालेला, चेहऱ्याने आईवर गेलेला. मला त्याच्यात तांडेल कुठे दिसेना. आधी त्याला गोठ्यात नेलं. अपराधी माणूस पाहुण्याला आधी गोठाच दाखवतो. नंबर घातलेल्या त्या फळ्या त्याने पाहिल्या आणि तो खो खो हसला.

"सर, हे काय जपून ठेवलंय? बाबा तर काढलेली फळी त्याच दिवशी जाळायचे."

आणि मला आठवलं. खरंच की! जुन्या फळीच्याच जाळावर तांडेल राळ कढवायचा आणि ती राळ नव्या फळीच्या फटीत ओतायचा. दरवर्षी मी समोर बसलेला असे. वीस वर्षं पाहिलेली गोष्ट मी विसरलो होतो, आणि जपलं काय, तर लाकूड.

मग आम्ही होडीपाशी आलो. तो गप्प झाला. एकदा भोवती फिरला. आणि मग हात वर करून, बोटांच्या सांध्यांनी, फळीवर टकटक करू लागला. तोच कोन, तोच ताल, मध्ये थांबून कान तिरका करणं तेच. वडिलांनी त्याला हे कधी शिकवलं असेल असं वाटत नव्हतं. नुसतं बघून राहिलेलं असणार. ठण्‌, ठण्‌, ठण्‌. डाव्या बाजूच्या खालच्या फळीपाशी तो थांबला. पुन्हा वाजवून पाहिलं.

"सर, ही बद्द वाजतेय."

मला माहीत होतं. दोन वर्षांपासून माहीत होतं. ती चौदावी फळी, फणसाची, तांडेलच्या हातची शेवटची. ती काढली की होडीत त्याचं काहीच उरणार नव्हतं, आणि मग मी कुणाला काय सांगणार होतो? म्हणून दोन्ही वर्षं मी तिच्यावर निळा रंग चढवला होता. दोन हात. बाकीच्या फळ्यांना एकच. तत्त्वज्ञान मी सगळं वाचलं होतं, लॉइड्सचा नियम मला पाठ होता. पण मनातून माझा विश्वास त्या एका सडक्या फळीवर होता. आणि नदीत पाणी आत येणार होतं ते तिथूनच.

मी काही बोललो नाही. त्यानेही रंगाच्या दुसऱ्या हाताबद्दल काही विचारलं नाही. कोकणी माणूस एरवी भरपूर बोलतो, पण कुठे बोलू नये हे त्याला कळतं. फक्त म्हणाला, "मोगरी कुठाय?"

दोन दिवस आम्ही खपलो. वखारीतून साग आणला, सुतार मदतीला आला. गोठ्यातल्या एक ते पाच नंबरच्या फळ्या चुलीत गेल्या आणि त्यांच्यावर राळ कढली. (उरलेल्या सौ.ने आधणासाठी ताब्यात घेतल्या. गोठा पाहून तिला जो आनंद झाला तो लग्नातही झाला नव्हता.) फट भरायची वेळ आली तेव्हा त्याने वात ठासून भरायला सुरुवात केली. मी आकड्याने ती सगळी उपसून काढली. "एवढं भरू नकोस," मी म्हणालो, "उद्या लाकूड फुगेल, त्याला जागा नको?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाबांनी मला कधी हात लावू दिला नाही," तो म्हणाला. "म्हणायचे, शाळा शिक. ही कामं तुझी नव्हेत." मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. सोळा वर्षं मी या माणसाची लाकडं सांभाळत बसलो होतो. त्याचं जे खरं देणं होतं, ते माझ्या मनगटात होतं.

होडी नेण्याचा विषय निघाला तेव्हा तोच म्हणाला, "घरासमोर नुसती उभी करून ठेवली तर दोन उन्हाळ्यांत फुटेल. मला दुरुस्ती येईपर्यंत राहू दे इथे. पुढच्या मे महिन्यात येतो. मग नेतो." मी बरं म्हटलं. या खेपेला भावनेच्या भरात नव्हे. पुढच्या मे महिन्यात त्याला येईल, आणि नाही आलं तर त्याच्या पुढच्या. पण नेईल हे नक्की, आणि त्या दिवशी कडुनिंबाखाली फक्त दोन लाकडी घोडे उरतील हेही नक्की. मी त्यांना रंग देणार नाही.

जाताना त्याने चौदाव्या फळीचा न सडलेला, हातभर लांबीचा दुप्पट तुकडा कापून घेतला. भिंतीवर लावीन म्हणाला. मी त्याला स्टँडवर पोचवायला गेलो. कंडक्टरने त्याच्या काखेतल्या फळीकडे पाहिलं.

"हे काय हाय?"

"होडी," तो म्हणाला.

कंडक्टरने फळीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग माझ्याकडे. मारेगावच्या स्टँडवर मला सगळे ओळखतात. "बरं बरं," तो समजुतीच्या सुरात म्हणाला आणि त्याने तिकीट फाडलं. गाडी हलली तेव्हा मुलगा खिडकीतून हसत ओरडला, "सर, फळीचंच लावलं!"

घरी आलो तर अंगणात सौ. बादलीने होडीत पाणी ओतत होती. मी फाटकातच उभा राहिलो. सोळा वर्षांत तिने होडीला हात लावल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"नव्या फळीला तहान लागली असेल," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आणि हे बघा, उद्या शीड मला लागेल. कुरडया घालायच्यात."